‘घरच्यांना कळवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

प्रवेशाच्या याद्या लागल्या की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मुंबईतल्या कॉलेजांत एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स मुलांसाठी ग्रुप निघतात, पोस्टर लागतात, त्यावर हा संताप. म्हणणं थोडक्यात असं: हे खूळ नवं आहे, चर्चा केली की आत्महत्येचे विचार मुलांच्या डोक्यात शिरतात, कायदा बदलला, आता त्रास कसला, या कारणाने आत्महत्या होतात अशी सरकारी नोंदच नाही, आणि असं मूल आढळलं तर कॉलेजने ताबडतोब घरी कळवावं, घरचे डॉक्टरला दाखवून बरं करतील. उपनगरातल्या एका कॉलेजात मी शिकवते. आमच्या स्टाफरूममध्येही त्यावर माना डोलल्या, म्हणून हे लिहिते आहे.

‘नवं खूळ’ हा मुद्दा चटकन निकालात निघतो. समलिंगी लोकांसाठीचं ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक याच शहरात १९९० साली सुरू झालं, त्यांच्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ साली. मेसेज पाठवणारे काका तेव्हा स्वतःच कॉलेजात असतील.

चर्चेने विचार शिरतात, ही समजूत जास्त चिवट आहे. पण अभ्यासांचा कौल उलटा आहे: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं कुणाला सरळ विचारलं म्हणून तो विचार वाढत नाही, बहुतेकदा बोलल्याने थोडं सुटल्यासारखं वाटतं. धोका वाढतो तो आत्महत्येची बातमी रंगवून, पद्धतीच्या तपशिलासकट पसरवल्याने. आणि पोस्टरवर चिडणाऱ्या या ग्रुपांवरच तसल्या बातम्या फोटोंसकट बिनदिक्कत येत असतात!

कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ची धार काढली, प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पोलिसांची भीती कमी झाली. मागच्या बाकावरून येणारी ‘ए बायल्या’ ही हाक त्याने थांबली नाही. लैंगिक कल किंवा लिंगओळखीवरून छळणं, वाळीत टाकणं हे रॅगिंगच आहे, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) रॅगिंगविरोधी नियमांच्या २०१६च्या दुरुस्तीत स्पष्ट केलंय. रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलं आणि पालक दोघंही भरून देतात. वाचतं कोण, हा प्रश्न वेगळा. ट्रान्स विद्यार्थ्याची, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्याला आपलं वाटत नाही त्याची, तर हजेरीपासूनच परीक्षा. सत्तर जणांसमोर जुन्या नावाने पुकारा होतो; ‘हजर’ म्हणावं तर हशा, गप्प बसावं तर गैरहजेरी. ज्या ट्रान्स तरुणांना घर, वर्ग, मित्र अशा अधिकाधिक ठिकाणी त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जाते, त्यांच्यात आत्महत्येचे विचार कमी आढळतात, असं अमेरिकेतल्या २०१८च्या एका अभ्यासात दिसलं. हजेरीपटाशेजारी पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवायला कुठल्या ठरावाची गरज नाही.

सरकारी नोंद नाही, हे मात्र बरोबर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांत १३,०४४ विद्यार्थी. कारणांच्या रकान्यांत कौटुंबिक समस्या आहे, परीक्षेतलं अपयश आहे, प्रेमप्रकरण आहे. लैंगिक कलाचा रकानाच नाही. मग तो आकडा येणार कुठून? घरात ‘तसल्या’ मैत्रिणीवरून रोज वाद झडत असलेल्या मुलीची नोंद ‘कौटुंबिक समस्या’ अशी होणार, आणि आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचित असतं म्हणून ती अगदीच खोटीही ठरणार नाही.

आता ‘घरी कळवा’. मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते, कारण ते काळजीपोटी म्हटलं जातं. आमची बहुतेक मुलं हॉस्टेलवर राहत नाहीत. डोंबिवली, नालासोपारा, मानखुर्दहून येतात. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, फोन सगळ्यांच्या हातात. लायब्ररी बंद होईपर्यंत बसून राहणारी सगळीच अभ्यास करत नसतात. मनासारखं वागायला मिळणारी त्यांची एकमेव जागा कॉलेज असते, आणि आपण तिथूनच फोन लावायचा? पुढचं ठरलेलं आहे: मोबाइल काढून घेणं, मामाचा दम, एखादा बाबा, मुलगी असेल तर कॉलेज बंद आणि स्थळं सुरू. मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

मग जिवाला धोका दिसला तरी गप्प बसायचं? अजिबात नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि त्यालाच विचारायचं, ‘कुणाला बोलावू?’ मावशीचं नाव येईल, एखाद्या मित्राचं येईल. आईवडिलांना सांगावंच लागलं तर ‘तो फार ताणात आहे, आज त्याला एकटं ठेवू नका’ एवढं पुरतं. तो कुणावर प्रेम करतो हे त्यात सांगावं लागत नाही. ‘पोलीस केस होईल’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७चं कलम ११५ वाचावं: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, शिक्षेऐवजी उपचार देणं सरकारचं कर्तव्य मानतो.

‘बरं करण्या’बद्दल एवढंच, की समलैंगिकता १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून निघाली आणि ती ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये ठरवलं.

मदतीची सोय तरी नीट हवी. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं. कागदावर तो पुष्कळ ठिकाणी असतोही. पण खोली ऑफिसला लागून, आणि दाराशी दोरी बांधलेलं रजिस्टर: नाव, वर्ग, रोल नंबर, ‘भेटीचे कारण’. आधीच्या मुलाने काय लिहिलंय ते पुढच्याला दिसतं. त्या रकान्यात सगळे ‘अभ्यास’ लिहितात. रजिस्टर काढून टाका, वेळ मेसेजवर ठरू द्या, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्राचार्यांच्या केबिनबाहेर लावण्यापेक्षा स्वच्छतागृहाच्या दारांवर आतून चिकटवा. तिथे तो फोनमध्ये उतरवून घेताना कुणी बघत नाही.