हनुवटीला टाके घातले, जबडा कुणी बघितला?

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीत घसरगुंडीवरून पाच वर्षांचा एक मुलगा तोंडावर आपटला. हनुवटी फुटली. कुणी हळद आणली, कुणी बर्फ. डॉक्टरांकडून तीन टाके घालून आला आणि सगळे म्हणाले, "थोडक्यात निभावलं." मी त्याच्या आईला म्हटलं, कानापुढचा सांधाही दाखवून घ्या. तर शेजारच्या काकू माझ्यावरच उखडल्या. "कशाला घाबरवतेस गं तिला? पोरं पडतातच."

पडतातच. माझी भाचीही पडलीच होती.

गावी, ओट्यावरून, चार वर्षांची असताना. टाके पडले, आठ दिवसांत जखम भरली, विषय संपला. टाके घालणाऱ्यांनी तिला एकदाही "आ कर" म्हटलं नाही. एकदाही नाही! वर्षभराने ताईच्या लक्षात आलं की पोरगी घास फारच लहान घेते. आम्ही म्हटलं, नखरे. सातव्या वर्षी तिच्या दातांमध्ये माझी करंगळी जाईना. वरणभात बोटाने फटीतून आत ढकलायची आणि बाकीची मुलं कणीस खात असली की उठून दुसरीकडे जायची.

हनुवटीला बसलेला मार हाडातून थेट वर, कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. लहान मुलांचं तिथलं हाड नाजूक असतं. ते मोडलं की सांध्यात रक्त साठतं, दुखतं म्हणून मूल तोंड उघडत नाही आणि हळूहळू तिथे हाडच तयार होऊन खालचा जबडा कवटीला चिकटतो. याला अँकायलोसिस म्हणतात. कानातला पू सांध्यात उतरला तरी हे होऊ शकतं. मग खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, श्वासाची वाट अरुंद होते. भाची रात्री घोरायची आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आणि नातेवाईक काय म्हणत होते? "मुलीची जात, तोंड वाकडं राहिलं तर पुढे कसं व्हायचं?" तिला धड जेवता येत नव्हतं, मागचे दात घासता येत नाहीत म्हणून किडत होते, आणि यांना लग्नाची काळजी!

मान्य, पडलेल्या प्रत्येक मुलाचं असं होत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून बघायचंच नाही का?

शेवटी सरकारी दंत महाविद्यालयात तिचं ऑपरेशन झालं. तोंडच उघडत नव्हतं, म्हणून भुलीची नळी नाकातून घातली. चिकटलेलं हाड कापून काढलं आणि पुन्हा चिकटू नये म्हणून मधे कानशिलाचा स्नायू वळवून बसवला. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायाम थांबला तर जबडा पुन्हा धरेल. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची. बारा काड्यांपासून सुरुवात, मग हळूहळू एकेक वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, कित्येक महिने. ती रडायची, दाजी उठून अंगणात जायचे, आणि ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणायची, "अजून दहा मोज, बाळा." मायेपोटी ताईने एखादा दिवस सोडला असता तरी मी तिला बोलले नसते. तिने सोडला नाही.

हे सगळं टळलं असतं. वेळेवर कळलं तर लहान मुलांना बहुतेकदा ऑपरेशनही लागत नाही. थोडे दिवस मऊ खाणं आणि मग लवकरात लवकर तोंड उघडण्याचे व्यायाम, डॉक्टरांच्या नजरेखाली. मूल हनुवटीवर पडलं तर तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकतोय का बघा. कानापुढे दुखतंय का, दात पूर्वीसारखे जुळतात का, विचारा. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. यातलं काहीही खटकलं, किंवा चार-आठ दिवसांनीही तोंड नीट उघडत नसलं, तर तोंड-जबड्याच्या सर्जनकडे जा. साध्या एक्स-रेत मोड कधी कधी दिसत नाही, ते सांगतील तर सीटी स्कॅन करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

भाची आता चौदा वर्षांची आहे. हनुवटी अजून थोडी डावीकडे आहे, त्यावर पुढे उपचार करायचे आहेत. गेल्या महिन्यात तिने अख्खा पेरू दातांनी फोडून खाल्ला आणि ताई तिच्याकडे बघतच राहिली.

त्या मुलाच्या आईचा अजून फोन आलेला नाही. काकू काहीही म्हणोत, उद्या सकाळी मी त्यांच्या दारात जाणार आहे, त्याची तीन बोटं आत जातात का बघायला.