नाईलने डोके कशासाठी झाकले?

रोममधील पियाझ्झा नावोना चौकातल्या ‘चार नद्यांच्या कारंज्या’विषयी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. प्रतिस्पर्धी वास्तुकार बोरोमिनी याची खिल्ली उडवण्यासाठी शिल्पकार बर्निनीने कारंज्यातील नाईल नदीच्या पुतळ्याचे मस्तक वस्त्राने झाकले, म्हणजे समोरचे बोरोमिनीचे सांत आन्येझे चर्च त्याच्या दृष्टीस पडू नये. आणि दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाता नदीच्या पुतळ्याने हात वर केला आहे तो हे चर्च अंगावर कोसळेल या भीतीने, असे तिचे सार.

गोष्ट खुसखुशीत असली तरी तिच्यात तारखांचा मेळ बसत नाही. कारंजे १६५१ मध्ये पूर्ण झाले. आजच्या चर्चचे काम १६५२ मध्ये रैनाल्दी पितापुत्रांनी सुरू केले आणि बोरोमिनीकडे ते १६५३ मध्ये आले.

नाईलच्या वस्त्राचा अर्थ अधिक सरळ आहे. या नदीचा उगम प्राचीन काळापासून गूढ मानला जाई, आणि लॅटिनमधील ‘कापुत’ या शब्दाचा अर्थ मस्तकही होतो व उगमही. तेव्हा झाकलेले मस्तक म्हणजे न सापडलेला उगम, हे त्या काळच्या सुशिक्षित रोमकराला सांगावे लागले नसते.

प्लाताच्या नावातच चांदी आहे, म्हणून त्याच्याजवळ नाणी कोरलेली आहेत. त्याचा उंचावलेला हात अनेक अभ्यासक श्रद्धेच्या प्रकाशाने दिपल्याची खूण मानतात, आणि कारंज्याची एकूण रचना पाहता ते पटते: मध्यभागी ओबेलिस्क म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, त्याच्या टोकावर पोप इनोसंट दहावे यांच्या पाम्फिली घराण्याचे कबुतर, आणि पायथ्याशी चार खंडांच्या चार नद्या.

शिवाय या गोष्टीत उरलेल्या दोन पुतळ्यांना जागाच नाही. डॅन्यूब पोपच्या राजचिन्हाकडे हात नेतो, तर गंगेच्या हाती नौकानयनाचे वल्हे आहे. (मगरीवर आरूढ झालेल्या गंगामाईची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही दाढीवाली गंगा चमत्कारिक वाटते, पण प्राचीन रोमन परंपरेत नदीदेव सहसा असेच दिसत.) या दोघांचा बोरोमिनीशी संबंध कसा जोडणार?

दोघांमधली स्पर्धा मात्र खोटी नाही. चौकात पाणी आणण्याच्या योजनेवर बोरोमिनीनेच काम केले होते आणि चार नद्यांची कल्पनाही त्याच्या आधीच्या आराखड्यात होती; कारंज्याचे काम मात्र पोपने बर्निनीला दिले. त्यामुळे १६५१ मध्ये या चौकाकडे पाठ फिरवण्याचे कारण असलेच, तर ते बोरोमिनीला होते.