सराफ्यातला जावई

इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला जाणे हा ज्यांना निखळ आनंदाचा विषय वाटतो, त्यांची सासुरवाडी बहुधा इंदुरात नसावी. पर्यटक म्हणून गेलेला माणूस भूक असेल तेवढे खातो आणि हॉटेलवर परततो. जावई म्हणून गेलेल्याला ती मुभा नाही. होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेल्या मराठी घरांनी मराठी आग्रह आणि माळवी जीभ या दोन्ही गोष्टी निष्ठेने सांभाळल्या आहेत, आणि त्यांचा एकत्रित मारा सोसण्यासाठी जावयाइतके हक्काचे पोट दुसऱ्या कोणाचे असणार?

त्या रात्री सासूबाईंनी "सराफ्यात जायचं आहे, म्हणून अगदी हलकंच केलंय" असे सांगून जे पान वाढले, त्यात बासुंदी होती. त्यानंतर मेहुण्याने आम्हांला राजवाड्यामागच्या गल्लीत नेले. दिवसा ही सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची पेठ. त्यांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि दारांपुढे कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी उतरत नाहीत. रात्री वर्दळ राहिली तर चोरांची भीती राहात नाही, म्हणून सराफांनीच या खाण्याच्या गाड्यांना थारा दिला, असे सांगतात. चोरांचा बंदोबस्त झाला हे चांगलेच, पण जावयाच्या संरक्षणाचा विचार मात्र त्या वेळी कोणाला सुचलेला दिसत नाही.

"भावजी, पोट भरायचं नाही, नुसतं चाखायचं. सगळे मिळून वाटून खाऊ," असे मेहुणा म्हणाला. वरवर हा प्रस्ताव अत्यंत समंजस वाटतो. त्याची अंमलबजावणी कशी होते ते सांगतो. एक द्रोण येतो. मेहुणा एक घास घेतो, कारण त्याला हे रोजचेच आहे, त्याची बायको अर्धा घेते, कारण तिचा उपास आहे (तो कोणता, हे विचारण्याची जावयाची प्राज्ञा नाही), आमची ही दोन चमचे घेऊन "बाई, काय चव आहे!" असे म्हणत तो द्रोण माझ्या हातात देते आणि पुढच्या गाडीकडे वळते. उरलेला द्रोण म्हणजे माझा वाटा. चौघांत वाटून खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाचा बारा आणे भाग एकाच माणसाच्या पोटात कसा जातो, हे ज्याला गणिताने सिद्ध करायचे असेल त्याने सराफ्यात यावे.

भुट्ट्याच्या कीसाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच नोंदवतो. किसलेले कोवळे मके तुपात परतून, दुधात शिजवून, हिरव्या मिरचीने जागे केलेले ते मऊ प्रकरण कढईच्या कडेला किंचित खरपूस झालेले असते, आणि जाणकार माणूस नेमके ते कडेचेच मागतो. वर खोबरे, कोथिंबीर, लिंबू. तिथेच थांबता आले असते, तर हा लेख प्रशस्तिपत्र म्हणून संपला असता. पण मग खोपरा पॅटिस आले: बाहेर बटाटा, आत ओले खोबरे आणि सगळे तळलेले. थंडीचे दिवस होते, म्हणून गराडूही आले. हा आपल्या कोनफळाच्या गोतातला कंद असून तो तळून, वर लिंबू आणि जीरावन मसाला टाकून देतात. तळणाला थंडीचे निमित्त पुरते, हे मला मान्य आहे. पण तीच थंडी मेहुण्यालाही वाजत असताना गराडूची दुसरी फेरी एकट्या माझ्यासाठी का, हे मला कळले नाही. दहीवडेवाल्याने भरलेला द्रोण हवेत उडवून अचूक झेलला आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले एकेक करून वेगळे सोडले. ते पाहताना क्षणभर आशा वाटली की एखादा द्रोण तरी खाली पडेल. पडला नाही.

खाली टाकण्याचा मार्ग मलाही बंद होता. 2017 पासून सलग सात वर्षे देशात स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवलेले हे शहर. इथे कचरा टाकायला पेटी पावलोपावली सापडते, पण अर्धा भरलेला द्रोण घेऊन तिच्याकडे निघालेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर सोसण्यापेक्षा द्रोण संपवणे सोपे.

शेवटी "पोट जड झालं आहे, काहीतरी पाचक द्या," असे मी काकुळतीला येऊन म्हणालो. मेहुणा तत्परतेने शिकंजी घेऊन आला. अन्यत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत; इंदुरात ती आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली आणि चमच्याने खावी लागेल इतकी दाट असते. तिच्यावर उतारा म्हणून पाव किलोच्या घरातला एक जलेबा आला. तो "वाटून" खाल्ल्यावर मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि पट्टा एक घर सैल केला. समोरचा पानवाला पेटते पान गिऱ्हाइकाच्या तोंडात कोंबत होता, आणि मेहुणा तिकडे बोट दाखवून माझ्याकडे प्रेमाने पाहू लागला होता.

नकाराचे शब्द मी जुळवत होतो, एवढ्यात माझ्या मागे हालचाल जाणवली. आमची ही मान वर करून शटरवरची पाटी मन लावून वाचत होती.

"काय रे," तिने भावाला विचारले, "हे पाटल्यांसाठी प्रसिद्ध आहेत, तेच ना? सकाळी किती वाजता उघडतात?"

मी ओट्यावरून तत्काळ उठलो आणि म्हणालो, "आधी गराडू आणखी एकदा घेऊ या. आणि हो, ते पेटतं पानसुद्धा."