‘फुकटचा वकील फक्त आरोपींना मिळतो’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी थांबा

कापूस वेचणी सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो चार ठिकाणांहून आला. आधी तो जसाच्या तसा देतो.

“सर्व दिव्यांग बांधवांना कळविण्यात येते की, स्वतः अर्ज करून तहसीलच्या चकरा मारू नये. माहितगार माणसाशिवाय काम होत नाही. वकील गरिबाला परवडत नाही आणि फुकटचा सरकारी वकील फक्त जेलमधल्या आरोपींना मिळतो. हातपाय धड असणाऱ्यांनी अर्ज करू नये. बोर्डाने चाळीस टक्क्यांच्या खाली दिले की विषय संपला. एकदा नामंजूर झालेला अर्ज पुन्हा होत नाही. सर्व ग्रुपवर पाठवा.”

खाली एक मोबाइल नंबर. मेसेजमधला अर्ज म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि त्यावर मिळणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानाचा. बोर्ड म्हणजे दिव्यांगत्व किती टक्के आहे ते ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ; चाळीसच्या खाली टक्के आले तर हे अनुदान मिळत नाही. पाठवणाऱ्यांत एक अंगणवाडीताई आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत. कोणाचं वाईट व्हावं म्हणून त्यांनी पाठवलेला नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातल्या तीन वाक्यांची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

वकिलाच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाकोणाला मिळतो याची यादी आहे. कोठडीतला माणूस त्या यादीत आहे, हे खरं. पण त्याच यादीत दिव्यांग व्यक्ती आहे, स्त्रिया आणि मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. दोन एकर वावर असो की वीस, दिव्यांग माणसाला वकील मोफतच मिळतो. गडचिरोलीतल्या एखाद्या माडिया आदिवासी घरातली दिव्यांग मुलगी तर एकाच वेळी तीन कारणांनी पात्र ठरते.

“पण ते कोर्टात केस असली तरच ना?” असं गुरुजींनी मला विचारलं. नाही. याच कायद्यात ‘विधी सेवा’ म्हणजे काय ते सांगितलं आहे : न्यायालयापुढचं काम, इतर प्राधिकाऱ्यापुढचं काम आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला. म्हणजे अपिलाचा अर्ज कसा लिहायचा, कोणता कागद जोडायचा, कोणाच्या नावाने द्यायचा, हे विचारायलाही तुम्ही तिथे जाऊ शकता. जायचं कुठे, तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठणं व्हीलचेअरवरच्या माणसाला सोपं नाही. अशा वेळी १५१०० या मोफत नंबरवर आधी फोन करावा. गावात विधी सेवेने नेमलेला विधी स्वयंसेवक असेल तर त्यालाच घरी बोलवावं.

विधी सेवेच्या यादीवरच्या, म्हणजे पॅनेलवरच्या, वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. सगळेच वकील मन लावून काम करतात असं मी म्हणणार नाही. काहींकडे कामांचा ढीग असतो, काही फोन उचलत नाहीत. अशा वेळी समितीकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. हा पर्याय असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून लोक गप्प बसतात आणि मग “फुकटचं ते फुकटचंच” असं बोलून मोकळे होतात.

आता हातपाय धड असण्याबद्दल. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते एकवीस झाले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार आहेत, मानसिक आजार आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलची घरं किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या घरांना “तुमचे हातपाय धड आहेत, अर्ज करू नका” असं सांगणं हे पाप आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

माझा धाकटा भाऊ सिकलसेलच्या रुग्णांपैकीच एक. तेवीस वर्षांचा आहे. महिनाभर बरा असतो, मग थंडी वाढली किंवा फवारणीचं काम अंगावर आलं की सांध्यांत असं दुखणं उठतं की रात्रभर ओरडतो. आम्ही एका माहितगार माणसाला चार हजार रुपये दिले. तो बोर्डाच्या दिवशी आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला, पण भावाच्या आजाराचे कागद त्याने जोडलेच नाहीत. फक्त रक्ताचा एक रिपोर्ट लावला. टक्के चाळीसच्या खाली आले. त्यानंतर त्याचा फोन बंद. माय म्हणाली, “आता काहून पैसे घालवता बाप्पा, नशिबातच नाही.” आठ महिने आम्हीही तसंच समजलो.

पुढे फेरफाराच्या कामासाठी तालुक्याच्या कोर्टात गेलो, तेव्हा भिंतीवर विधी सेवा समितीचा फलक दिसला. तिथे मिळालेल्या वकीलताईंनी पहिला प्रश्न विचारला : किती वेळा रक्त चढवलं आणि किती वेळा भरती केलं, त्याचे कागद कुठे आहेत? ते सगळे घरी पत्र्याच्या पेटीत होते. चार वर्षांची डिस्चार्ज कार्डं. ती तारखेप्रमाणे लावून ताईंनी अपील लिहून दिलं. कारण २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे बोर्डाच्या निर्णयावर अपील करता येतं. भावाला पुन्हा तपासणीला बोलावलं आणि या वेळी टक्के चाळीसच्या वर गेले. प्रत्येकाचे टक्के वाढतील असं मी म्हणत नाही. पण कमी टक्क्यांचा कागद हातात आला म्हणजे विषय संपला, हे खोटं आहे. अपिलाला मुदत असते, म्हणून आमच्यासारखे आठ महिने वाया घालवू नका. त्याच आठवड्यात विधी सेवेकडे जा.

प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर कारण लेखी कळवावं असं नियमच सांगतात. निराधार योजनेच्या अर्जाचंही तेच धोरण ठेवा : “नाही झालं” हे टेबलावरचं उत्तर घेऊन घरी येऊ नका, लेखी मागा. मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बरेच अर्ज एखादा दाखला जुना झाला किंवा आधारवरचं नाव जुळलं नाही म्हणून अडतात. ती त्रुटी काढून नवा अर्ज देता येतो. त्यानंतरही हक्क डावलला जात असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पोस्टानेही पाठवता येते. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

कास्तकारांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो, कारण मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. वावरात किंवा रस्त्यावर अपघात होऊन हात, पाय किंवा डोळा गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी आहे. एक अवयव कायमचा गेल्यास एक लाख, दोन गेल्यास दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. तिथे कागद अडला तरी विधी सेवेचा वकील चालतो.

राहिला तो माहितगार माणूस. तहसीलच्या चकरा होतात, हे त्या मेसेजमधलं एकमेव खरं वाक्य. पण साध्या अर्जाला ना वकील लागतो ना दलाल. आपले सरकार सेवा केंद्रात ठरलेलं शुल्क भरून काम होतं. निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० रुपये मिळतात. पाच हजार मागणारा माणूस दोन महिन्यांचं अनुदान आधीच खाऊन जातो. त्यातही तो “टक्के वाढवून आणतो” म्हणाला तर तिथून उठा. खोटेपणाने लाभ घेतल्यास २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रमाणपत्रावर नाव त्याचं नसतं, तुमचं असतं. सरकारी माणसाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

गुरुजींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला आणि तिथे १५१०० टाकला. अंगणवाडीताईंना उद्या भेटणार आहे. त्यांच्या वस्तीत सिकलसेलची तीन लेकरं आहेत, आणि त्यांच्या घरच्यांनी दवाखान्याचे कागद जपून ठेवले आहेत का, ते आधी पाहायचं आहे.