"चुकलं तर मूल परत देता येतं": एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मारझोडीची किंवा हेळसांडीची तक्रार आल्याबरोबर मुलाला घरातून हलवणं हा पहिला उपाय असू नये, आधी घरच्यांबरोबर काम व्हावं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "शंका आली की मूल बाहेर काढा. चुकलं तर परत देता येतं, गेलेला जीव परत येत नाही. कुटुंब टिकवायचा तुमचा सोस मुलांच्या जिवावर उठलाय." तुम्ही शिक्षिका आहात. मुलाच्या अंगावरचे वळ आम्हा बालसंरक्षण कार्यकर्त्यांच्या आधी तुमच्या नजरेला पडतात. त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकणं बरं वाटलं नाही.

जिवाला धोका दिसत असेल तर मूल त्याच दिवशी हलवायचं, यात आपलं दुमत नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं नववं कलमही मुलाच्या हितासाठी गरजेचं असेल तर आईबापांपासून वेगळं करायची मुभा देतं. फक्त तो निर्णय न्यायालयाला तपासता आला पाहिजे, असं सांगतं. पण आमच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इतक्या स्पष्ट नसतात. खायला पुरेसं नाही, बाप व्यसनी, आई खचलेली, पोरगं मळक्या कपड्यांत वर्गात पेंगतंय. यात क्रूरपणा किती आणि गरिबी किती, हे एका भेटीत कळत नाही. माझा लेख या अधल्यामधल्या घरांबद्दल होता.

आणि इथेच तुमचं "परत देता येतं" मला पटत नाही. परत येतं ते तेच मूल नसतं. १९५० च्या आसपास ब्रिटिश समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी आईबापांविना इस्पितळात राहिलेली लहान मुलं पाहिली. आधी आकांत, मग खिन्नपणा, मग अलिप्तपणा, असा क्रम त्यांना दिसला. तिसऱ्या टप्प्यात मूल शांत होई, खेळणी घेई, परक्याकडेही हसून बघे. कर्मचाऱ्यांना वाटे, रुळलं एकदाचं. प्रत्यक्षात आई भेटायला आली की ते तिच्याकडे पाठ फिरवत असे. बालगृहाच्या अहवालांत "मूल छान रुळले आहे" हा शेरा दिसला की मला आजही धडकी भरते.

याला नुसती भावना म्हणू नका. जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे कोणती तक्रार कोणत्या तपासनिसाकडे जाणार हे पाळीने ठरत असे, आणि काही तपासनीस कडक होते, काही सौम्य. म्हणजे अधल्यामधल्या दोन घरांतलं एक मूल हललं आणि दुसरं राहिलं, यात नशिबाचा भाग मोठा. पुढे पाहिलं तर अशा हललेल्यांत, विशेषतः मोठ्या मुलांत, गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि कमाई कमी.

तुमच्या बाजूचा पुरावाही सांगते, नाहीतर सोयीचं तेवढंच निवडलं असं होईल. मिशिगन राज्यातल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात उलटं दिसलं. हललेल्या मुलांची शाळेतली हजेरी वाढली, गणिताचे गुण सुधारले, पुन्हा छळ होण्याची शक्यताही घटली. मात्र तिथली बहुतेक मुलं वर्षा-दोन वर्षांत घरी परतली होती, आणि सुधारणा दिसली ती बरीचशी परतल्यानंतर. मधल्या काळात आईबापांना मदत मिळाली आणि ते सावरले, असा अभ्यासकांचा अंदाज. म्हणजे मूल हलवा किंवा ठेवा, घरच्यांवर मेहनत घ्यावीच लागते. ती न घेता नुसतं हलवायचं, हे मला मान्य नाही.

तुम्ही व्हिक्टोरिया क्लिंबीएचं नाव घेतलंत. आठ वर्षांची ही मुलगी २००० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये छळाने गेली. पण ते उदाहरण तुमच्या मुद्द्याला तितकंसं लागू पडत नाही. तिचे आईवडील आयव्हरी कोस्टमध्ये होते, छळ केला तो वडिलांच्या नात्यातल्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने. २००३ मध्ये आलेल्या लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालाने तिला वाचवायच्या बारा संधी हुकल्याचं नोंदवलं. इस्पितळात अंगावरच्या खुणांना खरूज ठरवलं गेलं आणि मग पुढच्यांनी तेच धरून ठेवलं. जिच्याकडे केस होती त्या कार्यकर्तीचा मुलीबरोबरचा एकूण वेळ अर्ध्या तासापलीकडे गेला नाही. कुटुंबाचा पुळका आला म्हणून ती गेली नाही, मॅडम. तिच्याशी कुणी धड बोललंच नाही.

त्यानंतर काय झालं? फॉर्म वाढले, मुदती वाढल्या, रकाने वाढले. २०११ मध्ये आयलीन मन्रो यांनी इंग्लंडच्या बालसंरक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचा मोठा आक्षेप हाच होता की नियम पाळण्याच्या नादात कार्यकर्त्यांचा मुलांबरोबरचा वेळ आटलाय. "कडक व्हा" असं वरून फर्मान आलं की खाली कागद जाड होतात. (आमच्यातले काही जण याला मनातून खूशही असतात. कागद पूर्ण असला की कुणी बोट दाखवत नाही.)

आता तुमच्या हातात काय आहे ते. तक्रार करताना "घरी हेळसांड होते" असं लिहू नका. काय पाहिलंत ते लिहा: कोणत्या तारखेला, अंगावर नेमकी कुठे खूण, मूल स्वतःच्या शब्दांत काय म्हणालं, तुम्ही त्याला काय विचारलं होतं. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण "बाबांनी मारलं ना?" असं विचारून मिळालेला होकार पुढे न्यायालयात टिकत नाही. आणि शंका आली की कळवाच, खात्रीची वाट बघू नका. खात्री करणं आमचं काम. माझ्या लेखाचा अर्थ "थांबा, बघू" असा तुम्ही घेतला असेल, तर तो तसा नाही.

तक्रारीनंतर कुणी काही कळवत नाही, हा तुमचा राग मात्र पूर्ण रास्त आहे. घरातल्या गोष्टी गोपनीय असतात, सगळं सांगता येत नाही. पण "तक्रार मिळाली, मुलाला भेटलो, वर्गात अमुक गोष्टींवर लक्ष ठेवा" एवढं सांगायला कोणताही नियम आड येत नाही. ते तुम्हाला हक्काने मागता आलं पाहिजे. पुढच्या वेळी लेखी मागा.