2024 ची पिवळी जर्सी योग्य हातीच गेली : खुलासा

बडोद्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 2024 च्या महिलांच्या 'टूर द फ्रान्स' या आठ टप्प्यांच्या सायकल शर्यतीत डेमी वोलरिंगने दोन टप्पे जिंकले, शेवटचा, आल्प द्युएझच्या घाटावर संपणाराही तिचाच, कासिया न्येव्यादोमाने एकही नाही. तरी एकूण विजेतीची पिवळी जर्सी कासियाला, म्हणजे निकालात घोटाळा!

घोटाळा नाही. पिवळी जर्सी टप्पे मोजून मिळतच नाही. आठही टप्प्यांची वेळ बेरजेला घेतात, बोनस सेकंद वजा करतात. सर्वांत कमी वेळ जिची, ती विजेती. रस्त्यावरच्या टप्प्यात पहिल्या तिघींना 10, 6 आणि 4 सेकंदांचा बोनस असतो. वैयक्तिक टाइम ट्रायलला (प्रत्येकीने एकटीने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा), म्हणजे डेमीने जिंकलेल्या रॉटरडॅमच्या टप्प्याला, नसतो.

शेवटच्या सकाळी डेमी एकूण वेळेत कासियाच्या 1 मिनिट 15 सेकंद मागे होती. घाटमाथ्यावर ती कासियाच्या 1 मिनिट 1 सेकंद आधी पोहोचली. वर बोनसचे 10. एकूण 1 मिनिट 11. उरले 4 सेकंद, आणि तेवढ्यावरच जर्सी कासियाकडे राहिली.

खरं नुकसान पाचव्या टप्प्यात झालं. शेवट सुमारे 6 किलोमीटरवर असताना डेमी पडली आणि त्या टप्प्याच्या विजेतीच्या 1 मिनिट 47 सेकंद मागे आली. शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये पडली असती, तर नियमातल्या सवलतीने तिला पडण्याआधी ती ज्या घोळक्यात होती त्याचीच वेळ मिळाली असती.

आपल्याकडे कोणी टप्प्यांची शर्यत घेणार असेल, तर पावागडला माचीच्या चढावर शेवट ठेवलेल्या दिवशी ही सवलत लावू नका. चढावरच्या शेवटाला ती नसते.