खुलासा : ‘नवा ट्रॅक्टर तपासावा लागत नाही’ हे खरं नाही
‘शोरूममधून ट्रॅक्टर तपासूनच येतो, पूजा करा अन् थेट वावरात घाला’ असा मेसेज गावातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. नारळ फोडा, पण आधी पाना हातात घ्या. चाकाचा नट आवळल्यावर त्याच्याखालचा रिमवरचा नवा रंग दबतो, म्हणून घट्ट बसवलेला नटही पहिल्या काही तासांतच सैल होऊ शकतो. सुमारे 10 तास चालवल्यावर पुन्हा आवळा. वाहतुकीसाठी टायरमध्ये बहुधा जास्त हवा असते. तशीच ठेवली तर काळ्या मातीत चाक घसरतं, डिझेल फुकट जातं. हवा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन बंद ठेवून बघा. पातळी डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) दोन खुणांमध्येच हवी. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) अन् बॅटरीचे टर्मिनल (वायर जोडायची टोकं) तपासणं दोन मिनिटांचं काम.